कॅम्डन मार्केटमध्ये आता बघण्यासारखं काय उरलंय?

परळकर

मंडळी, मे महिन्यात लेकीला घेऊन लंडनला जातोय. पहिली सकाळ किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरासाठी राखून ठेवली आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहायचे ते घर, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं ते. नकाशात बघितलं तर तिथून चॉक फार्म स्टेशन अगदी जवळ, आणि तसंच पुढे चालत गेलं की कॅम्डन मार्केट.

नव्वदच्या दशकात कंपनीच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा एका रविवारी तिथे अख्खा दिवस भटकलो होतो. डोक्यावर हिरवे तुरे, भुवईत रिंगा, जुन्या चामडी जॅकेटांचा वास, कालव्याच्या कठड्यावर बसून खाल्लेल्या तेलकट नूडल्स. हाय स्ट्रीटवर एक पुस्तकांचं दुकान होतं, चळवळीतली कुठली कुठली पत्रकं, कवितांच्या चोपड्या मिळायच्या. लेक सतरा वर्षांची आहे, गिटार वाजवते, तिला हे सगळं दाखवायचंय. पण एक मित्र म्हणतो की आता तिथे मोबाइलच्या कव्हरांशिवाय काही मिळत नाही. खरं काय? अर्धा दिवस घालवण्यासारखं आहे का?

बोरिवली_ते_ब्रेंट

मित्र बरोबर सांगतोय. शनिवारी गेलात तर दादर स्टेशनबाहेर फिरल्यासारखं वाटेल, फक्त सगळ्यांच्या हातात बबल टी. हिरवे तुरेवाले अजून दिसतात, पण फोटोचे पैसे मागतात. त्यापेक्षा ब्रिक लेनला जा. आणि नकाशात चुकून ‘कॅम्डन पॅसेज’ टाकू नका, ते इस्लिंग्टनला आहे, जुन्या वस्तूंची गल्ली. आमचे पाहुणे तिकडे जाऊन मार्केट शोधत बसले होते.

हुपरीकर

परळकर, तुमचं पुस्तकाचं दुकान म्हणजे काँपेन्डियम. ते २००० सालीच बंद झालं. बाकी गोष्टी थोड्याफार शिल्लक आहेत, त्याचा मात्र मागमूस नाही.

मी मूळचा हुपरीचा, घरात चांदीचं काम. इकडं आलो तेव्हा आठवडाभर एका गोदामात हमाली आणि शनिवार-रविवार कॅम्डनला टेबल. जागा ठरलेली नसायची. उजाडायच्या आत जाऊन उभं राहायचं, ज्यांची कायमची जागा ते आले नाहीत की ती आमच्यासारख्यांना मिळायची. गळक्या छपराखालची मिळाली की दिवस पाण्यात, अक्षरशः.

माल काय, तर जोडवी. काळी लिपस्टिक, काळे बूट, फाटक्या जाळीचे मोजे घातलेल्या पोरी यायच्या, भर थंडीत बूट काढून टेबलाच्या कडेला पाय टेकवायच्या आणि बोटाबोटात घालून बघायच्या. अंगठ्यातसुद्धा. घरी फोन केला की आई विचारायची, “एवढी लग्नं होत्यात व्हय रं तिथं?”

आणि जोडवीच का, तर वजनामुळं. इथल्या कायद्यानं ७.७८ ग्रॅमच्या आतल्या चांदीच्या दागिन्याला हॉलमार्कचा छाप सक्तीचा नाही. पैंजणाला लागतो, म्हणजे तपासणीला पाठवा, फी भरा, दोन आठवडे माल अडकवा. टेबलवाल्याला हे कुठलं परवडायला? छाप नसला म्हणून कमअस्सल माल खपवता येतो असंही नाही, हजारात ८०० भागांपेक्षा कमी चांदी असलेल्याला इथं चांदी म्हणताच येत नाही. आमचा माल ९२५ चा होता, आणि गिऱ्हाईक भिंगातून बघून घ्यायचं. हो, त्या काळ्या वेशातल्या गॉथ पोरीसुद्धा भिंग मागायच्या!

आता ही वस्ती मुळात अशी का झाली ते सांगतो, म्हणजे गेलं काय ते कळेल. साठच्या दशकात लंडनच्या पोटातून गोल मोटारवे काढायचा बेत होता, रिंगवे १. तो कॅम्डनवरून जाणार होता. ज्या इमारती पाडायच्याच आहेत त्यांच्यावर कोण पैसा घालणार? त्यामुळं कालव्याकाठच्या वखारी पडून राहिल्या, किरकोळ भाड्यानं मिळायला लागल्या. डिंगवॉल नावाच्या लाकूडवाल्याची खोकी बनवायची वखार होती, तिथं १९७३ मध्ये गाण्याबजावण्याचा हॉल निघाला. मोटारवेही त्याच वर्षी रद्द झाला. पुढच्या वर्षी अंगणात हस्तकलेचे मोजके गाळे लागले, तेच हे मार्केट. शिवाय १९९४ चा कायदा येईपर्यंत इंग्लंडात रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद. पोरं जाणार कुठं? कॅम्डनला.

म्हणजे स्वस्त भाडं आणि मोकळा रविवार, एवढ्या भांडवलावर सगळं उभं होतं. पंक संगीतवाले वगैरे नंतर आले, जागा स्वस्त होती म्हणून आले. ‘आत्मा हरवला’ म्हणणारे लोक कपडे आणि केस बघतात. मी बघतो, एक पिशवी माल घेऊन आलेल्या माणसाला शनिवारी टेबल मिळतं का. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं मध्यंतरी चौकशी केली, मातीचे कानातले करते ती. तिला पहिला प्रश्न विचारला, तुमच्या ब्रँडची गोष्ट काय? आमच्या वेळी विचारायचे, रोख आणलाय का.

मला कुणी हाकललं नाही. रविवारी सगळंच उघडायला लागलं. मग पांढऱ्या धातूचा माल किलोवर यायला लागला, माझ्याच नक्षीची जोडवी शेजारच्या टेबलावर मूठमूठ विकायची. चांदी आहे का विचारलं तर शेजारी हसून म्हणायचा, दिसते ना? फेब्रुवारी २००८ मध्ये कालव्याकडच्या बाजाराला आग लागली, त्यात हॉली आर्म्स पबही जळाला, गायिका एमी वाइनहाउस जिथं बसायची तो. पब पुन्हा उभा राहिला, पण मी त्यानंतर टेबल मांडलं नाही. २०१४ पासून उद्योजक टेडी सॅगी यांनी मार्केटचे वेगवेगळे भाग विकत घेऊन एका छत्राखाली आणले, त्याच वर्षी मार्केटच्या स्टेबल्स भागात एमीचा पुतळा बसला. आगीच्या बाजूला आता हॉली वॉर्फ आहे, स्वच्छ, काचेचं, छान. माझ्या जिवावर येतं तिथं जायला, पण संडास चांगले आहेत हे कबूल.

इन्व्हर्नेस स्ट्रीटवर भाजीच्या गाड्या लागायच्या, तिथं कोथिंबीर घ्यायचो. भाजी गेली, आता टोप्या आणि टी-शर्ट.

कालव्याकाठची_केतकी

हुपरीकर काका, मस्त लिहिलंय, पण थोडी भांडणार आहे. मी कॅम्डनमध्येच नोकरी करते. तुमच्या त्या मोकळ्या दिवसांत संध्याकाळी पुलापाशी कोण उभं असायचं आणि काय विकायचं, ते इथले जुने रहिवासी मला सांगतात. बायकांना तिथून एकटं जायला नको वाटायचं. गर्द विकणारे अजून संपलेले नाहीत, पण रस्ता बराच सुधारला. २०२५ च्या मेपासून हाय स्ट्रीटचा वरचा तुकडा प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, तर निदान फुटपाथवरून ढकललं तरी जात नाही.

आणि परळकर, मुलगी गिटार वाजवते ना? मग चॉक फार्मला राउंडहाउस बघाच. १८४७ चं रेल्वे इंजिनं वळवायचं गोल शेड, नंतर जिनची वखार. १९६६ मध्ये तिथे पिंक फ्लॉइड हा बँड वाजला, १९७६ मध्ये रॅमोन्स हा पंक बँड. आता त्याच्या पोटात तरुण मुलांसाठी स्वस्तात तालमीच्या खोल्या आहेत. बाजार बदलला म्हणून पोरं वाजवायची थांबली नाहीत, ती फक्त दुकानात दिसत नाहीत.

हुपरीकर

केतकी, पुलापाशी उभं राहणाऱ्यांचं खरं आहे. माझं टेबल आवरून मी बसस्टॉपला पळायचो. पण रस्ता सुधारायला भाडं वाढवावंच लागतं का, ते मला कळलेलं नाही.

परळकर

दोघांचेही आभार. मग क्रम कसा ठेवू? आणि लेकीला डॉक्टर मार्टिन्सचे बूट हवेत, तिथेच घ्यावेत का?

हुपरीकर

आठवड्यातल्या मधल्या वारी जा, शनिवार-रविवार टाळा. बाबासाहेबांच्या घरावरची निळी पाटी बघून झाली की रीजंट्स पार्क रोडकडं या, रेल्वेवरचा पादचारी पूल ओलांडला की चॉक फार्म स्टेशन. राउंडहाउस तिथंच. मग स्टेबल्समध्ये शिरा, रेल्वेच्या घोड्यांचे तबेले आणि दवाखाना होता तो. सायबरडॉग नावाचं दुकान आहे, दारात दोन रोबो, आत कानठळ्या. पोरीला आवडेल, तुम्ही बाहेर थांबा. शेवटी कालव्यावर, लॉकपाशी, म्हणजे बोटी वरखाली करायच्या पाण्याच्या दारांपाशी, लोखंडी पूल आहे. त्याच्या कडांना खोल चरे पडलेत, घोडे बोटी ओढायचे त्या दोरांनी घासून घासून पडलेले. तिथं बोट घालून बघायला सांगा तिला.

बुटांचं म्हणाल तर किंमत आधी ऑनलाइन बघून ठेवा. बहुतेक जोड आता आशियात बनतात, नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या कारखान्यातले हवे असतील तर आत ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेलं असतं, ते महाग पडतात. आणि नवे बूट घालून लगेच चालायला लावू नका, टाचा सोलून निघतात. जाड मोजे बरोबर ठेवा.