खिशातले पैसे परत कधी येतात? प्रवासखर्च ऑनलाइन झाल्याचे अनुभव

मी एका मोठ्या कारखानदारी कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. कर्मचाऱ्यांची प्रवासखर्चाची बिलं कागदावरून अ‍ॅपवर आणायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं. सुरुवातीला मी फक्त आमच्या टेबलाचा विचार करत होते, म्हणजे किती व्हाउचर कमी होतील, किती फायली वाचतील. मग एक दिवस सर्व्हिसचा एक मुलगा समोर येऊन बसला. "मॅडम, माझे 42,000 कंपनीत अडकलेत आणि घराचा हप्ता 5 तारखेला जातो." त्याचा पगार 28,000. म्हणजे दीड महिन्याचा पगार तो कंपनीला बिनव्याजी उसना देऊन बसला होता, आणि आम्ही त्याच्याकडे हॉटेलच्या बिलाची मूळ प्रत मागत होतो.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मोजते: खिशातून पैसे गेल्यापासून खात्यात यायला किती दिवस लागले. फिरतीवरच्यांनी, बिलं तपासणाऱ्यांनी, मंजुरी देणाऱ्यांनी, सगळ्यांनी या धाग्यावर लिहा. कंपनीचं नाव नको.

औषध प्रतिनिधी, चंद्रपूर

या लाइनमध्ये 11 वर्षं झाली. आमचा भत्ता तीन प्रकारचा असतो: हेडक्वार्टर (आपल्याच गावात काम), एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) आणि आउटस्टेशन (बाहेरगावी मुक्काम). गावागावाचं अंतर आणि भाडं फेअर चार्टमध्ये ठरलेलं. पूर्वी महिनाअखेरीला जेवणं झाली की मी स्टेटमेंट लिहायचो आणि बायको बेरीज तपासायची. मग कुरिअर, एरिया मॅनेजरची सही, तिथून मुंबई. एखादा आकडा खोडलेला दिसला की कागद परत. आता रोजचा रिपोर्ट, म्हणजे डीसीआर भरला की त्या दिवसाचा भत्ता आपोआप धरला जातो आणि 10 तारखेच्या आत पैसे येतात. हा बदल मला मनापासून आवडला.

पण एक अनुभव विसरणार नाही. आलापल्लीहून भामरागडला गेलो होतो. रात्री पाऊस वाढला, पर्लकोटा नदीला पूर आला आणि पुलावरून पाणी जायला लागलं. दोन दिवस तिथेच अडकलो. फोनला रेंज नाही. आमच्या अ‍ॅपमध्ये डीसीआर त्याच दिवशी रात्री 12 च्या आत भरावा लागायचा. परत आलो तर दोन्ही दिवस लॉक झालेले, भत्ता शून्य, वर दोन रजा लावलेल्या. ज्या दिवसांत सगळ्यात जास्त हाल झाले तेच दिवस कंपनीच्या लेखी मी कामावर नव्हतो! लॉक उघडायला तीन आठवडे लागले. पुढे आम्ही आठ-दहा जणांनी मिळून लिहून दिलं, तेव्हा मुदत 72 तासांची झाली.

जनरेटर सर्व्हिस, भोर

माझा त्रास किलोमीटरचा. अ‍ॅप नकाशावरून सगळ्यात जवळचा रस्ता धरतं. भोर ते महाड म्हटलं की वरंध घाट. पण पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद ठेवतात. मग पुण्याला येऊन ताम्हिणीतून माणगाव आणि तिथून महाड. अंतर दुपटीहून जास्त, पेट्रोलही तसंच. बिल दिलं की लाल खूण यायची, 'अंतर जुळत नाही'. पूर्वी साहेबांना फोनवर सांगितलं की ते कागदावर 'घाट बंद' लिहून सही करायचे आणि काम व्हायचं. अ‍ॅपमध्ये कारण लिहायला जागाच ठेवली नव्हती. जागा करून मिळाली, पण दुसऱ्या पावसाळ्यात.

बिलं तपासते, पुणे

आमच्या बाजूचंही ऐका. लोकांना वाटतं अकाउंट्सवाले मुद्दाम अडवतात. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि हॉटेलच्या बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर असणं गरजेचं झालं. तो नसेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. शिवाय हॉटेल ज्या राज्यात, मुक्कामाला कर त्याच राज्याचा लागतो. म्हणजे पणजीत राहिलात आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर बिल कितीही बरोबर असो, तो कर कंपनीला परत मिळायचा नाही. हे आम्ही कधी नीट समजावूनच सांगितलं नव्हतं. आमचे लोक गोव्याच्या बिलात नंबर घालून घ्यायला रिसेप्शनवर वाद घालत उभे राहायचे आणि आम्ही पुण्यात बसून ते बिल नंबरासाठी परत पाठवायचो. दोघांचीही मेहनत फुकट.

अ‍ॅप आल्यावर आम्ही राज्यांची यादीच त्यात घातली. आमची नोंदणी आहे अशा राज्याचं बिल असेल तरच नंबर मागायचा. परत जाणारी बिलं त्या एका बदलाने जितकी कमी झाली तितकी दुसऱ्या कशानेही झाली नाहीत.

निवृत्त कॅशियर, नाशिक

मी पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोख रक्कम, 26 वर्षं सांभाळली. 5,000 च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं, त्यावर आडवी सही घ्यायची. आमचा एक ड्रायव्हर टोलच्या पावत्या रबरबँड लावून डॅशबोर्डवर ठेवायचा. मे महिन्यात त्याने गड्डी माझ्यासमोर ठेवली तर निम्म्या पावत्या कोऱ्या. उन्हाने कागद काळवंडलेला, अक्षर एक नाही. 1,860 रुपये होते. मी कागद खिडकीशी धरून तिरके करून पाहिले, आकडे काही उमटेनात. ऑडिटला दाखवायला काहीच नव्हतं. ते पैसे त्याला मिळाले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोल थेट कंपनीच्या खात्यातून जायला लागला. बिल जपण्याची वेळच माणसावर येऊ नये, ही व्यवस्था मला सगळ्यात चांगली वाटते.

क्षेत्र अधिकारी, लातूर

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. आमच्या अ‍ॅपमधला भाड्याचा तक्ता जुनाच राहिला. मी कंडक्टरने दिलेल्या तिकिटाचा फोटो टाकायची, अ‍ॅप मात्र तक्त्यातलं पूर्ण भाडं धरायचं. रक्कम बदलायची सोय नव्हती. मी दोनदा मेल केला, उत्तर आलं नाही. वर्षभराने ऑडिटला कळलं आणि आम्हा सगळ्या बायकांच्या एका पगारातून पूर्ण वर्षाची वसुली झाली. जास्तीचे पैसे मला नकोच होते. पण चूक तक्त्यात होती, मी ती लेखी कळवली होती, तरी पगाराच्या स्लिपवर 'जादा दावा वसुली' असे शब्द छापून आले. ते शब्द मला फार लागले.

श्टुटगार्टहून

इथे कामासाठी बाहेर गेलं की जेवणाचा भत्ता ठरीव धरतात. आठ तासांहून जास्त बाहेर असाल तर 14 युरो, पूर्ण दिवसाचे 28. हॉटेलात नाश्ता मिळाला तर 5.60 वजा. जेवणाचं बिल कुणी मागत नाही. पुण्यात असताना मी वडापावचंही बिल शोधत फिरायचो.

धागा काढणारी

लातूरच्या ताई, तुमचं वाचून आज सकाळी आमच्या अ‍ॅपमधला एसटीचा तक्ता उघडून पाहिला. आमच्याकडेही जुनंच भाडं आहे. दुरुस्ती पाठवली आहे, आणि मागची वसुली कुणाच्याही पगारातून करू नये असं वेगळं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून आले आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.