इंग्रजी कवितेला चाल लावून पोरांकडून एका सुरात गाऊन घ्यावी का?

पेटीवाल्या बाई :
कोल्हापुरातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत मी संगीत शिकवते. गॅदरिंगसाठी सहावीच्या चाळीस पोरांकडून क्रिस्टिना रोझेट्टी या कवयित्रीची वाऱ्यावरची छोटी इंग्रजी कविता चाल लावून बसवतेय. परवा परिपाठ संपतोय तोवर दोन पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर. म्हणे, "आमच्या पोरांनी इंग्रजी भजनं का म्हणायची?"

माझं म्हणणं इथं मांडते. पटत नसेल तर खुशाल भांडा.

आपल्या वर्गांत इंग्रजी कविता कशी म्हणतात ते एकदा दाराबाहेर उभं राहून ऐका. सगळ्या अक्षरांना सारखंच वजन, ओळीच्या शेवटी तोच तो हेल, किराणा मालाची यादी वाचल्यागत. मराठी कवितेचं असं होत नाही. ओवी, साकी, दिंडी, आर्या यांना आपापली चाल आहे, वृत्त ओळखलं की आजीसुद्धा लगेच गाऊन दाखवते. इंग्रजी कविता आपल्याकडं आली ती पुस्तकातून, चालीविना. मग ती चाल द्यायची कुणी? इंग्रजीच्या सरांना पोर्शन संपवायचा असतो.

आणि एका सुरातच का? कारण मला आठवड्याला एक तास मिळतो, तोही शिष्यवृत्तीच्या जादा तासाला दिला नाही तर. दोन आवाजांत बसवायला सवड नाही. सगळे एकाच ओळीवर असले की कच्चं पोरगंही शेजारच्याच्या सुराला धरून चालतं. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचा भाऊ वेल्समधल्या प्रेस्टॅटिनच्या एका शाळेत मुख्याध्यापक होता. त्या पोरांसाठी ब्रिटनने १९३३ ते १९३५ या काळात बारा गाणी केली. शाळेत गाण्याचा तास शुक्रवारी दुपारी, म्हणून संग्रहाचं नावही तेच, 'फ्रायडे आफ्टरनून्स'. पोरांच्या गळ्याला सोपी ओळ आणि गंमत पियानोत. माझ्याकडं पियानो नाही, पेटी आहे. तेवढाच फरक.

शिवाजी पेठ :
बाई, राग मानू नका. पण आमच्या पोराला सदतीस म्हटलं तर कळत नाही, 'थर्टी सेव्हन' म्हणावं लागतंय. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, आता गाणं बी इंग्रजीत? वर्षातनं एक दिवस गॅदरिंगचा. त्या दिवशी म्हातारी आई पहिल्या रांगेत येऊन बसती. तिला नातवाच्या तोंडचं काय कळणार, वारा का वादळ? शाहीर पिराजीराव सरनाईकांचं हे गाव. पोवाडा बसवा की. पोरं कशी कडाडतात बघा, नाद खुळा!

झीलकरी :
पेठकर, पोवाड्याचं नाव काढलंत म्हणून बोलतो. एका सुरात गाणं हे बाईंनी ब्रिटनकडून आणायची गरजच नव्हती. शाहिराच्या मागं उभं राहून 'जी जी जी' धरणारे आम्ही झीलकरी दुसरं काय करतो? पण पोवाडा म्हंजे कडाडणं, असं समजून सहावीच्या पोरांना बेंबीच्या देठापासून ओरडायला लावतात आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी निम्म्यांचे आवाज बसलेले असतात. हे मी तीन शाळांत बघितलंय. कोवळ्या गळ्याला वाऱ्याची कविता बरी. भाषेचं तुम्ही आणि बाई काय ते बघून घ्या.

तिसरी घंटा :
भाषेचा मुद्दा इतका साधा नाही. इंग्लंडच्या शाळांतली ही एकसुरी गाणी कशासाठी होती? साम्राज्याची कवायत. इंग्रज कवी ब्लेकच्या कवितेला पॅरी या संगीतकाराने चाल लावली ती १९१६ साली, ऐन महायुद्धात, लोकांना लढाईसाठी पेटवायला निघालेल्या एका चळवळीच्या मागणीवरून. सगळ्यांनी एका आवाजात, एका पावलात. तो साचा आपण कौतुकानं का उचलायचा?

निवृत्त इंग्रजी :
घंटावाले, इतिहास अर्धा सांगितलात. त्या चळवळीचा रंग पॅरीला पटेना, पुढच्याच वर्षी त्याने तिचा हात सोडला. १९१८ मध्ये ते गाणं मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी उचललं, तेव्हा तो खूष झाला होता. गाणं एका सुरात असलं की ते कुणालाही उचलता येतं, इतकंच त्यावरून सिद्ध होतं.

मी मात्र बाईंच्या विरोधात आहे, आणि कारण निराळं आहे. तालमीचं रेकॉर्डिंग एका पालकाने मला पाठवलं. (छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अशा गोष्टी आपोआप माझ्याकडे येतात.) पहिलीच ओळ, 'हू हॅज सीन द विंड'. बाईंनी सम, म्हणजे तालाची पहिली, जोराची मात्रा, कुठे ठेवली? 'द' वर! वर त्या 'द' ला मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेलेली. चाळीस पोरं मान हलवून 'दऽऽऽ' म्हणतायत. इंग्रजीत त्या ओळीतला सगळ्यात फुटकळ शब्द तो. त्यावर जोर देणं म्हणजे 'देवळात गेलो' मधल्या 'त' वर आरती ओवाळणं. मग 'विंड' ला लांबवलंय, तर त्याचं झालंय 'वीण्ड'. इकार ऱ्हस्व आहे हो, तो ताणला की शब्द मेला.

मराठीत हे खपतं, कारण आपल्याकडे लघु-गुरूचा हिशेब असतो, आघात फारसा कुणी बघत नाही. इंग्रजी पद्य आघातावर उभं असतं. आपण एकदा याची उलट बाजू भोगली आहे. मिशनऱ्यांनी इंग्रजी भक्तिगीतांच्या चालींत मराठी शब्द बसवले, ते कानाला किती अवघड वाटायचे. म्हणून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या मातीतल्या चालींत, ओवी-अभंगांत भक्तिगीतं लिहिली, आणि ती आजही गायली जातात. आता तोच गुन्हा आपण उलट्या दिशेने करायचा? माझं मत स्पष्ट आहे : कविता मोठ्यानं, नीट आघात देऊन वाचून घ्या. चाल लावू नका. एकदा वाईट चाल कानात बसली की पोर आयुष्यभर ती कविता तशीच ऐकतं.

राजारामपुरीची आई :
तुमचं सम आणि आघात चालू द्या. मला एका सुरात गाण्याबद्दलच बोलायचंय. मी पाचवीत असताना समूहगीताच्या बाईंनी मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." स्टेजवर मी शेवटपर्यंत ओठ हलवले. टाळ्या पडल्या, आईने घरी आल्यावर दृष्ट काढली. त्यानंतर आजतागायत मी चारचौघांत गायले नाही, पोरीला झोपवताना अंगाई पण मोबाईलवर लावायचे. बाई, कच्चं पोर शेजारच्याच्या सुराला धरून चालतं म्हणता. त्याला चालू देता का खरंच?

पेटीवाल्या बाई :
आधी ताईंना उत्तर देते, कारण ते जास्त लागलं.

हो, मीही सांगितलंय. या वर्षीच, दोघांना. घुमतात, सूर ओढून खाली नेतात म्हणून. तुमचं वाचून काल त्या दोघांना मधल्या सुट्टीत एकटं म्हणायला लावलं, पेटी माझ्या नेहमीच्या पट्टीत, काळी चारवर (म्हणजे सा चौथ्या काळ्या पट्टीवर). घुमले. मग सहज वरच्या काळी एकला सा दिला, आणि पोरगी जशी सायकलवर सुटावी तशी सुटली दोघं. माझा गळा काळी चारचा, म्हणून मी अख्खा वर्ग तिथं बांधला होता. खालचे सूर त्यांच्या गळ्यात नव्हतेच. पोरं बेसूर नव्हती, मी त्यांना माझ्या पट्टीत कोंबलं होतं. आता सगळा वर्ग काळी एकवर घेतलाय. भूप रागातली चाल आहे, वरच्या सा पर्यंत पोचायला कुणालाच त्रास नाही. ओठ हलवणारं कुणी नाही.

आता सर. 'द' ची मींड मान्य. लाजच वाटली. मी आधी भूपात एक छान वळण बांधलं होतं आणि कविता त्यात घातली. या कोल्हापुरात नाटकाच्या पदांचे सूर ऐकत वाढलेय. एखाद्या जुन्या चीजेची, म्हणजे बंदिशीची, चाल घ्यायची आणि तिच्यावर पद बेतायचं, ही खोड तिथलीच.

पण "चाल लावू नका" हे मान्य नाही. तुम्ही म्हणता तसं आघात देऊन कविता दहा वेळा बोलले आणि हाताने केरवा ताल धरला. आठ मात्रा. 'हू' एकवर, 'सीन' तीनवर, 'विंड' पाचवर, आणि पुढं तीन मात्रा रिकाम्या. 'विंड' ताणायचाच नाही, टाकायचा आणि गप्प राहायचं. दुसरी ओळ 'नायदर आय नॉर यू' : 'नाय' एकवर, 'आय' तीनवर, 'यू' पाचवर, आणि हा 'यू' आठव्या मात्रेच्या तोंडाशी येईपर्यंत खुशाल लांबवा, दीर्घच आहे. कारण तिसरी ओळ 'बट' ने सुरू होते, आणि हा 'बट' समेच्या आधी, आठवीवरच उचलावा लागतो, म्हणजे 'व्हेन' समेवर येतो. चौथीतला 'द' सुद्धा तसाच आधी, 'विंड' समेवर. शेवटचा शब्द 'थ्रू'. पुन्हा दीर्घ.

रोझेट्टीबाईने लिहितानाच करून ठेवलंय सगळं. एक-तीन ओळींच्या शेवटी गळा मिटतो, दोन-चारच्या शेवटी उघडतो. पहिल्या ओळीला प्रश्न आणि त्यानंतरच्या तीन रिकाम्या मात्रांत चाळीस पोरं गप्प, कान टवकारून. हे मला वाचून कळलं नव्हतं सर. ताल धरल्यावर कळलं.

शिवाजी पेठ :
बाई, इतकं तुम्ही मराठी कवितेसाठी कधी केलं?

पेटीवाल्या बाई :
नाही केलं. तिची चाल मला आयती मिळत गेली म्हणून. बरोबर पकडलंत.

सातवी 'ब' ला पोवाडा देते. झीलकरी दादा, तालमीला याल? आणि पेठकर, आईंसाठी गाण्याआधी एक पोरगी चार वाक्यांत मराठीत अर्थ सांगेल : वारा कुणी बघितलाय? तुम्ही नाही, मी नाही, पण पानं थरथरली की समजायचं गेला इथून.

झीलकरी :
येतो. डफ माझा, तुणतुणं शोधा.

तिसरी घंटा :
मुद्दा सोडलेला नाही मी. एक व्यवहाराचं मात्र सांगतो : रोझेट्टी १८९४ साली वारली, त्यामुळे ती सगळ्यांची. आपल्या कायद्यात कवी गेल्यापासून साठ वर्षं हक्क राहतात. अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्ट १९६३ ला गेला, म्हणजे तोही २०२४ पासून इथं मोकळा. त्यानंतरचा कुणी घेतलात तर शाळेत पालकांसमोर गाऊन घेणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. पालक दुसऱ्याच मिनिटाला टाकतात.

राजारामपुरीची आई :
ती दोघं पोरं कुठल्या रांगेत उभी आहेत?

पेटीवाल्या बाई :
पहिल्या. उंचीनं बुटकी आहेत म्हणून, दुसरं काही नाही.

सर, शुक्रवारी चौथ्या तासाला तालीम आहे. ऐकायला या.

निवृत्त इंग्रजी :
पाचवर 'विंड' टाकून तीन मात्रा गप्प, हे कागदावर बरं दिसतंय. चाळीस पोरं तीन मात्रा गप्प राहिलेली मी माझ्या नोकरीत पाहिली नाहीत, म्हणून येतो. पण तिसऱ्या ओळीत 'ट्रेम्ब्लिंग' दोन अक्षरी आहे. पोरं जर 'ट्रेम-ब-लिंग' म्हणत असतील तर दारातूनच परत फिरेन.