रूळ गेले तरी पट्टी तुटू नये, हे ठाण्याने आत्ताच ठरवावं का?

नौपाडेकर

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे सिंगापूरला होतो. मॉल, प्राणिसंग्रहालय वगैरे उरकल्यावर जावई म्हणाला, "बाबा, आता तुमच्या आवडीचं दाखवतो," आणि मला एका बंद रेल्वेमार्गावर नेऊन उभं केलं. रूळ जवळजवळ नाहीतच. दोन्ही बाजूंना झाडी, मधे मातीची वाट, पुढे एक जुना लोखंडी पूल, आणि त्यावरून पोरंबाळं घेऊन चाललेली माणसं. मी दोन सकाळी मिळून दहा-बारा किलोमीटर चाललो. गुडघे अजून आठवण काढतात.

ही मलायाची रेल्वे. जमीन सिंगापुरात, मालकी मलेशियाची, असा कित्येक वर्षांचा गुंता होता. २०१० साली दोन्ही सरकारांचं जमलं. ३० जून २०११ ला शेवटची गाडी सुटली (ती जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवली) आणि २४ किलोमीटरची सलग पट्टी सिंगापूरच्या हातात आली. तिथे जमिनीला काय भाव असेल ते सांगायला नको. तुकडे पाडून टॉवर उठवले असते तर खजिना भरला असता. पण गाडी बंद व्हायच्या आधीच, २०१० सालीच, तिथल्या निसर्गप्रेमींच्या संस्थेने लेखी मागणी केली होती की पट्टी तोडू नका. सरकारने ती मानली. मधल्या भागातली वाट नीट करून लोकांसाठी उघडायला पुढे दहा वर्षं गेली, पण तोवर पट्टी कुठे तुटली नाही.

आता आपल्याकडे. कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड सगळ्यांना माहीत आहे. नाव कशावरून? निम्मे लोक छत्रपती शिवाजी टर्मिनस म्हणतील. ते सेंट्रल साल्सेट ट्रामवे आहे! अंधेरी ते तुर्भे (आपलं वाशीजवळचं नव्हे, ट्रॉम्बे), १३ किलोमीटरची रेल्वे १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला गुंडाळली. पट्टी शहरात विरून गेली, उरलं ते नाव. मग त्याच भागात पूर्व-पश्चिम वाट काढायला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता हाती घेतला, तो २००३ ते २०१४ चालला. तो विरलेला मार्ग सलग राहिला असता तर?

माझी सूचना: रेल्वे असो, जलवाहिनी असो, कालवा असो, लांब-अरुंद सार्वजनिक पट्टी वापरातून गेली की तिचे तुकडे करून विकायचे नाहीत, हे ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी विकास आराखड्यात लिहून ठेवावं. तिथे काय करायचं ते मागाहून ठरवता येईल. अर्ज लिहायला घेतलाय. मतं सांगा.

डब्यातला_उभा

काका, राग मानू नका, पण हा दोन सकाळी फिरून आलेल्या माणसाचा विचार आहे. मी रोज दिव्याहून चढतो, चढतो म्हणजे आत ढकलला जातो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यातले चार जण गेले. त्या आठवड्यात आमच्या डब्यात कोणी पत्ते काढले नाहीत.

ह्या पट्ट्यात रेल्वेची इंचभर जागा मोकळी झाली तर तिथे रूळ यायला हवेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका कधी झाली, तर फेब्रुवारी २०२२ ला. किती वर्षं वाट बघितली ते आम्हाला विचारा. आणि इथे बागेच्या गप्पा.

सातबारा

भावना सोडून कागद बघू. रेल्वेची जमीन केंद्राची. रेल्वे कायदा १९८९, कलम ११ वाचा: बाकी कुठल्याही कायद्यात काहीही असो, रेल्वेला लागेल ते बांधकाम करायचा अधिकार आहे. पालिकेच्या आराखड्यातल्या हिरव्या रंगाला तिथे कोण विचारतो? शिवाय २००५ च्या दुरुस्तीतून रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आलं. मोकळ्या जमिनीतून पैसा उभा करणं हेच त्याचं काम. त्याला म्हणणार, पैसा करू नका, लोकांना चालू द्या?

बरं, पालिकेने आराखड्यात जागेवर आरक्षण टाकलंच, तर ते टिकवा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही की मालक नोटीस देतो, मग २४ महिने, मग आरक्षण उडालं. अशी उडालेली मैदानं बघत मी म्हातारा झालो.

आणि सिंगापूरला शहर तेच, देश तोच. आपल्याकडे ठाणे महापालिका, नवी मुंबई महापालिका, सिडको, एमआयडीसी, एमएमआरडीए आणि वर रेल्वे. एका गटाराचं झाकण कोणाचं हे ठरवायला सहा महिने लागतात.

नौपाडेकर

@डब्यातला_उभा, राग कसला. पण तुमचं-माझं भांडण नाहीच. अमेरिकेत १९८३ पासून कायदा आहे. रेल्वे कंपनीला मार्ग नको झाला, तर स्थानिक संस्था पट्टी सांभाळायला घेते, कर आणि जबाबदारी तिच्यावर, लोक तिथे चालतात, सायकल चालवतात. मात्र अट अशी की उद्या गाडी हवी झाली तर पट्टी परत रेल्वेकडे. शेजारच्या जमीनमालकांनी त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९९० ला न्यायालयाने कायदा उचलून धरला. म्हणजे चालण्याची वाट हा गाडीसाठी धरलेला रुमाल. डब्यात आपण बाकावर टाकतो तसा.

@सातबारा, कलम ११ बद्दल तुमचं बरोबर. म्हणूनच आरक्षणाइतकाच रेल्वेशी करार हवा. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर (रस्त्यांच्या वरून, खांबांवरून गेलेला जुना रेल्वेमार्ग) शेवटची मालगाडी १९८० ला गेली. २००१ च्या अखेरीस तिथल्या महापौरांनी जाता जाता ती पाडायच्या कागदावर सही केली होती. पुढच्या महापौरांनी भूमिका फिरवली, रेल्वे कंपनीने बांधकाम शहराला देऊन टाकलं. खालच्या जमिनींच्या मालकांना गप्प कसं केलं? त्यांचे बांधकामाचे हक्क त्यांना शेजारच्या भागात विकू दिले. आपल्या भाषेत टीडीआर. २००९ ला लोकांना चालण्यासाठी पहिला टप्पा उघडला.

सातबारा

टीडीआर! काका, हा शब्द तुम्ही घोडबंदर रोडवर मोठ्याने उच्चारू नका.

कळवा_पूर्व

सगळं वाचलं. काका म्हणतात, पट्टी "वापरातून गेली की". कोणाच्या वापरातून? रेल्वेच्या. तिथे राहणाऱ्यांच्या नाही.

आमच्याकडे जानेवारी २०२२ ला रुळालगतच्या घरांना नोटिसा लागल्या होत्या, सात दिवसांत निघा म्हणून. पोरांच्या परीक्षा, म्हातारी माणसं, कोणी काही विचारलं नाही. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ते थांबलं. ऐरोली-कळवा जोडमार्गाचं घोडं कुठे अडलंय? दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला उघडलं, पण कळव्याच्या बाजूला हजारभर कुटुंबांचं काय करायचं हे सुटलेलं नाही.

तुम्ही जलवाहिनीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. तानसाच्या पाइपालगत दोन्हीकडे दहा-दहा मीटर मोकळं करा असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. पाण्याची सुरक्षा, मान्य. मग मुंबई पालिकेने तिथे मुलुंड ते शीव ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक काढला. चित्रात हेल्मेट घातलेली माणसं. आणि तिथून उठवलेली माणसं कुठे गेली? माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. २०१९ ला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ह्यांना तिथे राहायची सक्ती करू नका, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या. तुमच्या सिंगापूरच्या वाटेवर चालताना असं कोणी भेटलं नसेल.

हाय लाइनचंही अर्धंच सांगितलंत. तिच्या दोन संस्थापकांपैकी एकाने २०१७ साली स्वतः कबूल केलं की शेजारच्या सरकारी घरांत राहणाऱ्यांसाठी ती बाग फसली. आजूबाजूचे भाव आकाशाला टेकले ते वेगळंच.

नेरुळची_मावशी

मी दोघांच्याही बाजूची नाही. काकांचं "काय करायचं ते मागाहून" मला पटत नाही. बाईमाणसाला विचारा रिकामी पट्टी म्हणजे काय ते. संध्याकाळी सातनंतर दिवा नाही, टपरी नाही, हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही. अशी जागा सार्वजनिक असून बायकांना तिचा उपयोग शून्य.

आमच्याकडे उच्चदाबाच्या तारांखाली रोपवाटिका आहेत. तारांखाली घर बांधता येत नाही, मग लोक कुंड्या मांडून बसलेत. दिसायला काही खास नाही, पण पट्टी सलग आहे आणि दिवसभर तिथे कोणीतरी पाण्याचा पाइप घेऊन उभं असतं. मी तुळस तिथूनच आणते. आधी पोट भरणारा माणूस बसवा, दगडी बाकं आणि उद्घाटनाची फरशी नंतर.

डब्यातला_उभा

मावशींना +१. आणि काका, रुमालाचं पटलं, कबूल. पण आपल्याकडे रुमाल टाकून जागा धरणारा नंतर उठत नाही! एकदा जॉगिंग ट्रॅक झाला की तिथली सोसायटीच कोर्टात जाणार, गाडी नको, आवाज होतो म्हणून. "गाडीसाठी परत द्यावी लागेल" हे अर्जात पहिल्या ओळीत येणार असेल तर सही करतो. बाग हा शब्द दिसला तर नाही.

नौपाडेकर

बाग शब्द मी वापरलाच नव्हता, तुम्हीच आणलात. पण ठीक, ती ओळ सगळ्यात वर घेतो. मावशी, "मागाहून" खोडतो, दिवे आणि रोपवाटिका-टपऱ्या पहिल्या दिवसापासून असं लिहितो.

@कळवा_पूर्व, माहुलचं मला माहीत होतं आणि तरी मी जलवाहिनी लिहून मोकळा झालो. चुकलंच. "ज्या पट्टीवर वस्ती आहे ती वगळून" असं घातलं तर चालेल?

कळवा_पूर्व

नाही चालणार. वगळलं की पट्टी तुटली, म्हणजे तुमचा मुद्दा गेला. आणि आमच्या भागाला दिवे, पाणी, वाट काहीच नाही, म्हणजे आमचाही गेला. "वस्तीचं पुनर्वसन त्याच प्रभागात, घराची चावी हातात पडल्यावरच जागा रिकामी" असं लिहा. त्याने खर्च वाढेल, सातबारा लगेच कलम काढतील, तेही माहीत आहे.

सातबारा

कलम नाही काढत. पण प्रभागात जागा कुठली दाखवणार ते अर्जातच लिहावं लागेल, सर्व्हे नंबरासकट. नाहीतर नगररचना खात्यात पहिल्याच टेबलावर अर्ज फिरवून परत देतील. कळव्यात अशी जागा कोणाला माहीत आहे का?

कळवा_पूर्व

दोन आहेत. इथे लिहीत नाही, उद्या कुंपण पडेल.