आप्पांचे ४२ मीटर

बी-३०२: नमस्कार. आप्पांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागायचा फुप्फुसांचा जुनाट आजार, सगळ्यांना माहीतच आहे. फिजिओचे आठ आठवडे काल संपले. नळीत फुंकायच्या तपासणीत काहीच फरक नाही. सहा मिनिटं चालायच्या टेस्टमध्ये २६२ मीटरचे ३०४ झाले. घरी सगळे म्हणतात, एवढ्यासाठी दोन महिने खेटे घातले? यातलं कुणाला कळतं का?

ए-१०४: वहिनी, ४२ मीटर म्हणजे गेटपासून मंडपापर्यंतसुद्धा नाही. डॉक्टर बदला.

सी-५०१: काका, थांबा. मी फिजिओ आहे, रोज हेच पेशंट बघते. खराब झालेलं फुप्फुस व्यायामाने भरून येत नाही, म्हणून फुंकायचा आकडा हलला नाही. सुधारतात पायांचे स्नायू आणि दम सांभाळायची हातोटी. ते चालण्यात दिसतं. पेशंटला जाणवेल असा फरक म्हणजे साधारण ३० मीटर. युरोप-अमेरिकेतल्या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये हाच आकडा धरलाय. त्याआधी ५४ धरत. वहिनी, दर वेळी एकदाच चालवलं की दोनदा? दुसऱ्या खेपेला नुसत्या सरावानेच पंचवीसेक मीटर वाढतात.

बी-३०२: दोनदा. मध्ये अर्धा तास बसवलं. जास्तीचा आकडा लिहिला, दोन्ही तारखांना.

सी-५०१: मग ही सुधारणाच. आप्पांनी कमावलेली.

डी-२०३: ताई, माझ्या आईला आयएलडी आहे, फुप्फुसं ताठर होत जातात तो आजार. पार्किंगमध्ये १० मीटर आखून चालवू का?

सी-५०१: नको गं. वाट ३० मीटरची लागते. छोट्या वाटेवर वळणं वाढतात, अंतर कमी भरतं, आणि हॉस्पिटलच्या आकड्याशी ताडून तू उगाच घाबरशील. शिवाय आयएलडीत चालताना ऑक्सिजन झपकन उतरतो. आधी डॉक्टरांना विचार. सीओपीडीवाल्यांना घरी खुर्चीची टेस्ट बरी: हात न टेकता एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं. ३ने वाढलं तरी मोठी गोष्ट. खुर्ची दर वेळी तीच, भिंतीला लावलेली, आणि शेजारी माणूस उभा हवा.

ए-१०४: वहिनी, मी घाईत बोललो. परवा आप्पा दूध घेऊन जिन्याने जाताना दिसले होते.

बी-३०२: हो काका. दिवाळीत पहिल्या मजल्यावरच दोनदा टेकायचे.

सी-५०१: हे पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की सांगा. आणि व्यायाम सोडू नका, सोडला की कमावलेलं ओसरतं.

बी-३०२: आप्पा विचारतायत, १०४वाले सकाळी किती वाजता खाली उतरतात?