दाल मिल आधी, तुमचा टॉवर नंतर

गोलाईकर
कालची ती पोस्ट वाचून डोकं उठलं. नव्या टॉवरातल्या एका गृहस्थानं लिहिलंय: जुनी ऑइल मिल पाडून छान सोसायटी झाली, पण मागची दाल मिल अजून चालूच, गॅलरीत भुसा येतो, पहाटे धान्य वर चढवणारा एलेव्हेटर खडखडतो, मिल एमआयडीसीत हलवा, सह्या करा.

मालक, फ्लॅट बघायला आलात तेव्हा मिल काय ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती? आपल्या लातूरच्या बाजारपेठेला, गंजगोलाईला, सोळा रस्ते येऊन मिळतात, ते काय संध्याकाळी पाय मोकळे करायला काढलेत? जाहिरातीत ‘बाजारपेठ दारात’ वाचून टोकन दिलंत, आता तीच बाजारपेठ टोचायला लागली. तूर निघाली की मिल चालणार. तेल-पाणी लावून मुरवणार, उन्हात वाळवणार, मग भरडणार. साल उडणारच. वरण तर दोन्ही वेळा लागतं ना?

सहावा मजला
ती पोस्ट माझीच. मला बाहेरचा समजू नका. ज्या ऑइल मिलच्या जागी हा टॉवर उभा आहे, तिथं माझे आजोबा फिटर होते. डाव्या हाताची दोन बोटं तेल काढायच्या यंत्रानं, एक्सपेलरनं नेली, आणि दवाखान्याचे पैसे मालकानं पगारातून कापले. आमच्या लेकराला दमा आहे. गॅलरीच्या जाळीवर बोट फिरवलं की पिवळट पीठ निघतं. मिलला सायक्लोन, म्हणजे भुसा-धूळ ओढून गोळा करणारं यंत्र, बसवा म्हणणं हा गुन्हा आहे का?

गोलाईकर
सायक्लोन मागा की, कोण नको म्हणतंय? सह्या तर मिल हलवायच्या चालल्यात. तिथं धान्य निवडणाऱ्या बाया पायी येतात. एमआयडीसीला जायचं रिक्षाभाडं तुमची सोसायटी भरणार का?

निलंगा रोड
भुशाचं राहू द्या. लातुरात सहाव्या मजल्यावर झोप लागते कशी, ते सांगा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून सगळे गाढ झोपलेले, पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. औशाकडं मामाच्या घराचं माळवद खाली आलं. मामी बाजेखाली अडकली म्हणून वाचली, थोरला मामेभाऊ नाही वाचला. मी आजही तळमजला सोडत नाही.

साइट सुपरवायझर
भाऊ, दुःख मान्य. पण किल्लारीला माणसं मारली ती माळवदानं. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचा थर. नीट लोखंड घातलेली आरसीसी इमारत वेगळी. उगाच भीती घालू नका.

निलंगा रोड
‘नीट’ हा शब्द तुमचाच. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला कच्छमध्ये, इमारती पडल्या पार अहमदाबादेत. त्याही आरसीसीच्या. खाली पार्किंगला नुसते खांब, भिंतीचा पत्ता नाही. ह्या टॉवरखाली वेगळं काय आहे? आणि जुन्या ऑइल मिलची विहीर कुठं गेली? मी पोहलोय तिच्यात.

साइट सुपरवायझर
झाले व्हॉट्सॲप इंजिनिअर. काळी माती काढून कठीण थर लागेपर्यंत खोदतात, मग पाया घालतात.

निलंगा रोड
खोदतात की खोदलं? तुम्ही होता का त्या साइटवर?

साइट सुपरवायझर
नव्हतो. पण सगळेच बिल्डर चोर वाटत असतील तर तंबू ठोकून राहा.

निलंगा रोड
राहिलोय. त्र्याण्णवला, पत्र्याच्या शेडमध्ये. तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल.

मांजराकाठ
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते गाव आपलं. आणि आपण काय केलं, तर भर पेठेतली विहीर बुजवून वर गाड्या लावल्या! माळवद, आरसीसी, बसा भांडत. उन्हाळ्यात टँकरवाल्यापुढं दोघं एकाच रांगेत दिसाल.

परळचा पाहुणा
मूळचा उदगीरचा, नोकरी लोअर परळला. इथं मिलच्या जागी ऑफिसं अन् हॉटेलं उभी राहिली, गल्ल्या मात्र मिलच्याच काळातल्या. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारात हॉटेलांना आग लागली, १४ माणसं गेली. तुमच्या टॉवरापर्यंत अग्निशमनचा बंब वळतो का, एवढं एकदा बघा.

सहावा मजला
बंब? दुपारी आडतीचे ट्रक लागले की आमची स्कूटी वळत नाही. भूकंप झाला, पाणी झालं, परळही झालं. माझ्या भुशाचं काय?

गोलाईकर
बरं बाबा, तुम्हीच तेवढे पीडित. मिलवाला ओळखीचा आहे, सायक्लोनचं कानावर घालतो. आधी ती सह्यांची पोस्ट काढा.

सहावा मजला
आधी सायक्लोन बसू द्या, मग बघू.

निलंगा रोड
आधी विहीर कुठल्या खांबाखाली आहे ते बिल्डरकडून लिहून घ्या. कसला सायक्लोन घेऊन बसलात.