मदत हवी आहे: सेवा थांबत नाही आणि प्रार्थनेला मात्र बसवत नाही

गेली अकरा वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सेवा करतेय. शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग), गीतपथक, बुधवारची प्रार्थना सभा, आजाऱ्यांच्या भेटी. कुणी जबरदस्ती केली नव्हती, दर वेळी "मी करते" असं मीच म्हटलं.

गेल्या सात-आठ महिन्यांत आतलं काहीतरी आटलंय. सभेत प्रार्थना करायला सांगितलं की तोंडातून व्यवस्थित वाक्यं बाहेर पडतात, लोक आमेन म्हणतात, आणि मी मनात मोजत असते की अजून किती मिनिटं राहिली. घरी एकटी बसले तर एक शब्द सुचत नाही. पवित्र शास्त्र उघडलं की डोक्यात पुढच्या रविवारच्या पाठाची तयारी सुरू होते. परवा एका बहिणीचा मेसेज आला, "माझ्यासाठी प्रार्थना करशील ना?" आणि मला चक्क राग आला. त्या रागाचीच भीती वाटली, म्हणून इथे लिहितेय.

एका वडीलधाऱ्यांशी बोलले. ते म्हणाले, प्रार्थना वाढव, पहाटे पाचला ऊठ, उपवास धर. तीन आठवडे केलं. थकवा होताच, वर अपराधीपणा आला.

विश्वास गेला म्हणावं तर तसंही नाही. प्रभू आहे, मीच हजर नाही.

विचारायचंय ते असं: रविवार हाच सगळ्यात दगदगीचा दिवस असेल तर विसावा घ्यायचा कधी? शब्द सुचत नसताना प्रार्थना कशी करतात? आणि सेवा आत्ता सोडली तर ती पळवाट ठरेल का? "देवावर भार टाक" एवढंच लिहिणार असाल तर कृपया नको. ते मीच लोकांना सांगत असते.

निवृत्त पाळक

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

चौथ्या शतकात वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने 'अकेडिया' या अवस्थेचं वर्णन करून ठेवलंय. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, खोली सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. त्यावरचा उपाय, खोली सोडू नकोस, टिकून राहा. तुम्हाला मिळालेला सल्ला याच घराण्यातला आहे. पण हे औषध एकांताला कंटाळलेल्या माणसाचं. तुम्हाला एकांत मिळालाय कुठे?

तुमचं दुखणं बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं आहे. १ राजे १९ वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवून आलेला माणूस झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही, प्रार्थना वाढवायलाही सांगत नाही. झोपू देतो, उठवून खायला-प्यायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर चाळीस दिवस चालून गेल्यावर. आपण प्रवचनात झोप आणि भाकर गाळून थेट मंद वाणीवर जातो. मीही कित्येक वर्षं तेच केलं.

येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याचा एक नियम मात्र पाळा: मन उजाड असताना आधीचे निर्णय बदलायचे नाहीत. म्हणजे मंडळी सोडणं वगैरे आत्ता नको. कामं वाटून देणं त्यात येत नाही, असं माझं मत. निर्गम १८ मध्ये इथ्रो जावयाला, मोशेला, तोंडावर सांगतो की तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. मोशेने ऐकलं, कामं वाटून दिली. त्याला कुणी पळपुटा म्हटल्याचं वाचनात नाही.

आणि रविवार हा तुमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, नाही, हे एकदा मान्य करून टाका. पाळकांचाही नसतो. दुसरा दिवस धरा, संध्याकाळ ते संध्याकाळ. शब्बाथाची आज्ञा दोनदा आली आहे. निर्गम २० मध्ये कारण सृष्टीचं आहे, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ५ मध्ये कारण वेगळं: तू मिसर देशात दास होतास. दासाला सुट्टी नसते. "मी नाही केलं तर कोण करणार" हे आपलं वाक्य मला तिथलंच वाटतं.

पायरीवरची

मी यातून गेलेय. शब्द नसतील तर उसने घ्या. बायबलमधलं सकाळी एक स्तोत्र, रात्री एक, मोठ्याने. मनाला भिडलं नाही तरी चालेल. मला आधार दिला तो ८८व्या स्तोत्राने. बाकीच्या विलापांना शेवटी कुठेतरी वळण असतं, हे अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात ठेवलंय, म्हणजे अशी प्रार्थना देवाला चालते.

तेही जमेना तेव्हा पूर्वेकडच्या मंडळ्यांची जुनी एका ओळीची प्रार्थना: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." अर्धी श्वास घेताना, अर्धी सोडताना. पाच मिनिटं, बस्स. रोम ८:२६ तुम्ही इतरांना शिकवलं असेलच, जिथे आपल्याला मागताही येत नाही तिथे आत्मा कण्हत आपल्यासाठी मागतो. आता ते स्वतःला लावा.

अजून एक. वर्गात मार्कचं शुभवर्तमान शिकवत असाल तर स्वतःसाठी तेच वाचू नका, आणि वाचताना हातात पेन नको. पेन असलं की पाठ सुरू झालाच.

शिस्तप्रिय

सगळ्यांशी सहमत, पण वेळापत्रक हवंच. ४:३० उठणे, ४:४५ स्तुती, ५:०० मध्यस्थी, ५:४५ मनन, ६:१५ वचन पाठांतर. ४० दिवस करून बघा.

धागाकर्ती

दादा, वाचूनच दमले.

स्टेथोस्कोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (२०१९) बर्नआउटची तीन लक्षणं आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. ती व्याख्या नोकरीपुरती आहे आणि तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. पण वरून असाच दिसणारा नैराश्याचा आजार असतो. मंडळीबाहेरच्या गोष्टींतलाही आनंद गेलाय का? दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली आहे का? असेल तर डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासा. एलीयासारखं मरण मागावंसं वाटलं तर त्याच दिवशी जा, धाग्यावर उत्तराची वाट बघू नका.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, गोळ्या सुरू आहेत. पाळकांना सांगितलं. गीतपथक आणि बुधवार सहा महिन्यांसाठी सोडले. शब्बाथ शाळा ठेवली, कारण विचार केल्यावर लक्षात आलं की मुलांमुळे मी दमत नाही, मोठ्यांमुळे दमते. बुधवारची सभा माझ्याशिवाय झाली, आणि चांगली झाली म्हणे. हे ऐकून थोडं लागलंच.

सोमवार संध्याकाळ ते मंगळवार संध्याकाळ फोन कपाटात. पहिला मंगळवार वाईट गेला, दोन कपाटं आवरली आणि रडले. दुसऱ्या मंगळवारी १३१वं स्तोत्र वाचायला घेतलं आणि दूध तोडलेल्या बालकापाशी पोहोचले तोवर खुर्चीतच झोप लागली. तासभर. याला प्रार्थना म्हणायचं का?

निवृत्त पाळक

फ्रान्समधली संन्यासिनी लिझ्यूची तेरेझा (१८७३–१८९७) प्रार्थनेत डुलक्या घ्यायची. तिने स्वतःच लिहून ठेवलंय की त्याचं तिला दुःख नाही, कारण लेकरं झोपलेली असोत की जागी, आईबापांना सारखीच आवडतात. तेव्हा म्हणा खुशाल. फक्त पुढच्या मंगळवारी खुर्चीऐवजी पलंगावर वाचा, मान अवघडते.