मदत हवी आहे : दुसरी-तिसरीच्या मुलांचं इंग्रजी 'सेड'पाशी अडलंय

नमस्कार मंडळी. मी संध्याकाळी वस्तीतल्या सात मुलांचा अभ्यास घेते. सगळी मराठी माध्यमाची, दुसरी-तिसरीतली. जूनपासून एबीसीडी पाठ करून घेणं सोडलं आणि आवाजांवरून शिकवायला घेतलं. आधी एस, ए, टी, पी, आय, एन एवढीच अक्षरं. त्यातून सॅट, पिन, टॅप, नॅप जुळवायला मुलं पटकन शिकली. मजा वाटत होती त्यांना.

आता गाडी अडलीय. मराठीत लिहिलंय तसं वाचायचं ही सवय पक्की, त्यामुळे 'सेड'चं (said) 'साईड' होतं, 'वॉज'चं (was) 'वास'. एकाने विचारलं, "ताई, केकमधला शेवटचा ई बोलतच नाही, तर लिहायचा कशाला?" तो ई गप्प बसून आधीच्या 'ए'चा आवाज बदलतो, हे मी कॅप आणि केप शेजारी लिहून दाखवलं. त्याला पटलं, बाकीच्यांना नाही.

वाक्यांत तर 'आय मँगो ईट'! कर्ता-कर्म-क्रियापद आपलं, शब्द त्यांचे. इंग्रजीतल्या 'अ' (a) आणि 'द'ला (the) मराठीत जोडच नाही, ते कसं समजवायचं? कॅपिटल अक्षरांचंही तेच. (एकीने तर चार रेघी वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दावर शिरोरेषा ओढली. खोडायला जिवावर आलं.)

नियमात न बसणारे शब्द तुम्ही पाठ करून घेता की गोष्टीतून? आठवड्याला किती? आणि वाक्यरचनेसाठी व्याकरणाची नावं न घेता चालेल असा एखादा खेळ असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे फळा, जुने कॅलेंडर आणि रोजचा एक तास आहे.